आजेसासऱ्यांची ट्रंक: १९६७ चे कागद विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावेत का?

राजांगण

नमस्कार मंडळी. चवथीच्या आधी घर रंगवायला काढलं आणि माळ्यावरचं सगळं खाली आलं. आमचं घर फोंडा तालुक्यात, जुनं, मधे राजांगण असलेलं. सामानात एक पत्र्याची ट्रंक निघाली. किल्लीचा पत्ता नाही, पण कडी इतकी गंजली होती की हात लावताच हातात आली.

आत माझ्या आजेसासऱ्यांचे कागद. ते मगोचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, गावातले कार्यकर्ते होते. निवडणुकीला कधी उभे राहिले नाहीत. सभेला माणसं जमवायची, पेट्रोमॅक्स आणायची, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यायचे, ही त्यांची कामं.

वरवर पाहिलं तेवढं सांगते. शाखेच्या सभांच्या दोन लांबट वह्या. सुतळीनं बांधलेली पत्रं. ओपिनियन पोलच्या, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही या १९६७ च्या मतदानाच्या वेळची हँडबिलं, 'फुला'ची (विलीनीकरणाच्या बाजूची) तर आहेतच, पण 'दोन पानां'चीही (वेगळं राहण्याच्या बाजूची) आहेत. कुळांच्या अर्जांच्या नकला, 'गोमन्तक' दैनिकाची कात्रणं, काही पोर्तुगीज स्टँपपेपर, थोडे मोडीसारखे दिसणारे कागद. शिवाय दुधाचा हिशोब, एक पत्रिका आणि माझ्या सासऱ्यांचं चौथीचं प्रगतिपुस्तक.

चुलतसासरे म्हणतात कसर लागलीय, रद्दीत घाला. नवरा म्हणतो मोबाईलवर फोटो काढू आणि मग बघू. मला वाटतं ताळगावला गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्यावं. पण तिथे इतिहासकार पिसुर्लेकरांसारख्यांचा संग्रह. आमच्या आजोबांच्या दुधाच्या हिशोबाचं तिथे काय करणार? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

सुशेगाद

दुधाचा हिशोब ठेवा. १९६७ ला दूध काय भावानं होतं ते वाचून आम्हीही रडू.

पठारावरचा

ताई, कृपा करून काहीही टाकू नका. दुधाचा हिशोबसुद्धा. मी राज्यशास्त्रात पीएचडी करतोय आणि तुमचा धागा वाचून बसल्या जागेवरून उठलो.

कारण सांगतो. १६ जानेवारी १९६७ ला ओपिनियन पोल झाला. केंद्रशासित राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१ मतं, महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूनं १,३८,१७०. फरक ३४,०२१. हे आकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण हाच ज्यांचा मुख्य मुद्दा होता त्या मगोला ३० पैकी १६ जागा मिळाल्या. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. मुख्य मुद्द्यावर हरलेला पक्ष सत्तेवर परत कसा येतो?

कूळ कायदा, बहुजन समाज, भाऊसाहेबांची लोकप्रियता ही उत्तरं सगळे देतात आणि ती खरीच आहेत. पण ती वरून दिसणारी उत्तरं झाली. त्या दोन महिन्यांत गावातल्या शाखेत काय बोलणं झालं? विलीनीकरणाचा शब्द कधी मागे पडला, की पडलाच नाही? कोण रुसून घरी बसलं, त्याला परत आणायला कोण गेलं? वर्तमानपत्रांत पुढाऱ्यांची भाषणं मिळतात, सरकारी फायलींत बंदोबस्त मिळतो. हे मात्र कुठेच मिळत नाही. तुमच्या त्या दोन लांबट वह्यांत मिळू शकतं.

पिसुर्लेकरांचं म्हणाल तर त्यांचं काम अफाट, पण त्यांचा काळ आणि प्रश्न वेगळे. मराठे आणि पोर्तुगीज एकमेकांशी कसे वागले, वकील कोण, तह कोणते. माझ्या प्रश्नाला त्यांच्या कपाटात उत्तर नाही.

दादरकर मूळचा पेडण्याचा

राज्यशास्त्राला जुने कागद कशाला लागतात? तो इतिहासवाल्यांचा प्रांत. तुम्ही लोक सर्व्हे करता ना?

पठारावरचा

१९६७ च्या मतदाराचा सर्व्हे आता कुठे जाऊन करू, काका? जे हयात आहेत ते आज ऐंशीच्या पुढे आहेत, आणि साठ वर्षांत आठवणीवर इतके थर चढतात की 'आम्ही तेव्हाच म्हणत होतो' हे वाक्य दोन्ही बाजूंचे लोक सांगतात. मुलाखती मी घेतो, पण त्या कागदाशी ताडून पाहाव्या लागतात. तेव्हा लिहिलेलं ते तेव्हा लिहिलेलं.

जुना कपाटवाला

मी एका ग्रंथालयात तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. नाव घेत नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती माझीच आहे.

राजांगणताई, पहिली गोष्ट: लावू नका. म्हणजे नीट लावून ठेवू नका. तुमच्या हाताला आता खाज सुटली असेल की पत्रं एका बाजूला, हँडबिलं एका बाजूला, तारखेप्रमाणे क्रम. माझ्याही हाताला सुटली होती. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका जुन्या राजकारण्याच्या घरून चार पेट्या आल्या. मी उत्साहानं आठवडाभरात सगळं विषयवार लावलं. शिक्षण, शेती, पक्ष, खासगी. साहेब खूश. वर्षभरानं एक संशोधक आले आणि विचारलं, 'हे पत्र कुठल्या गठ्ठ्यात होतं?' सांगता येईना. त्या माणसानं एका गठ्ठ्यात नेमके कोणते कागद एकत्र बांधले होते, त्यावरून त्याच्या डोक्यात कशाचा कशाशी संबंध होता ते कळलं असतं. ते मी सुतळी सोडून पुसून टाकलं. कागद सगळे आहेत, एकही हरवला नाही. तरी हरवलं.

म्हणून मूळ क्रम मोडायचा नाही. 'दोन पानां'चं हँडबिल कुठल्या पत्राच्या मागे होतं ते तसंच राहू द्या. दुधाचा हिशोब सभेच्या वहीत खोचलेला असेल तर तिथेच असू द्या.

आता व्यवहाराचं. ट्रंक जमिनीवरून उचलून पाटावर ठेवा, भिंतीला टेकवू नका. आपल्याकडे पावसाळ्यात भिंत पाणी सोडते. उन्हात वाळत घालू नका, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. सावलीत, वारा लागेल असं ठेवा. कसर झाडायला मऊ ब्रश, रंगवायचा नवा ब्रश चालेल. डांबरगोळ्या कागदात टाकू नका. कडुलिंबाचा पाला घालायचाच तर पूर्ण वाळलेला, ओला पाला म्हणजे बुरशीला आमंत्रण. टाचण्या गंजल्या असतील तर ओढून काढू नका, कागदासकट येतात. सेलोटेप कुठेही नाही. आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन लॅमिनेशन करून आणू नका! हे मी ओरडून सांगतोय. प्लास्टिकमध्ये उष्णतेनं चिकटवलेला कागद परत सुटा होत नाही.

वर्तमानपत्राची कात्रणं तेवढी वेगळ्या पाकिटात काढा, त्या कागदातलं आम्ल शेजारच्या कागदावर डाग पाडतं. पण काढाल तिथे एक चिठ्ठी ठेवा, 'येथे कात्रण होते, पाकीट क्रमांक अमुक'. चिठ्ठी शिसपेन्सिलीनं. पेन ट्रंकेजवळ आणायचं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम, जे तुम्हीच करू शकता: चुलतसासऱ्यांना शेजारी बसवा. पत्रात 'बाबुलो आला होता' असं असेल तर हा बाबुलो कोण ते त्यांनाच माहीत. ग्रंथालयात कितीही शिकलेला माणूस असू दे, त्याला ते कधीच कळणार नाही. एक साधी वही करा, टोपणनाव, खरं नाव, नातं, वाडा. रद्दीत घाला म्हणणाऱ्या काकांना हे काम दिलंत की त्यांचा विरोध मावळेल, अनुभवाचे बोल.

राजांगण

काका, खरंच मनापासून आभार. सुतळी सोडली नव्हती, फक्त वरची दोन पत्रं सरकवून पाहिली होती. परत होती तशी ठेवली. लॅमिनेशनचं नवऱ्याच्या डोक्यात होतं, तुमची पोस्ट त्याला मोठ्यानं वाचून दाखवली.

शेवंती

'दोन पानां'चं हँडबिल मगोवाल्याच्या ट्रंकेत सापडणं मला तरी नवल वाटत नाही. विरुद्ध बाजू काय म्हणते ते वाचल्याशिवाय सभेत उत्तर कसं देणार? माझ्या आजीकडे उलटं होतं. मडगावची ती, पक्की दोन पानांची. घरी विलीनीकरणविरोधी 'राष्ट्रमत' यायचा, त्यातलं 'ब्रह्मास्त्र' सदर वाचल्याशिवाय चहा नाही, आणि शेजाऱ्याकडून 'गोमन्तक' मागून आणायची, भांडायला.

दादरकर मूळचा पेडण्याचा

भांडायला म्हणताय म्हणून सांगतो, पेडण्यात तेव्हा फुलाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. विलीनीकरण झालं असतं तर आज

शेवंती

तर आज आमच्या जमिनीचे सातबारा काढायला मुंबईला जावं लागलं असतं.

दादरकर मूळचा पेडण्याचा

सातबारा तालुक्यालाच मिळतो हो!! आणि १९८७ ला भाषेच्या कायद्यात काय झालं ते

राजांगण

दादा, ताई, हात जोडते. ती लढाई माझ्या ट्रंकेत आधीच सुरू आहे. धागा भरकटवू नका.

मोडीवेडा

मोडीसारखे दिसणारे कागद म्हणालात. एक खात्री करून घ्या, मोडी आहे की गोयकानडी. गोव्यातल्या जुन्या गावकरीच्या (सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या ग्रामसंस्थेच्या) कागदांत गोयकानडी लिपी सापडते. नवख्याला दोन्ही सारख्याच अगम्य. फोंड्याकडचा, म्हणजे नव्या काबिजादीतला (पोर्तुगीजांनी नंतर घेतलेल्या मुलखातला) कागद असेल तर मोडीची शक्यता जास्त. फोटो टाकलात तर सांगता येईल. फोटोत कागदाच्या चारही कडा याव्यात आणि मागची बाजूही काढा, मोडी पत्राच्या मागे बरंच काही लिहिलेलं असतं.

दुसरं, आजोबांच्या दुधाच्या हिशोबाचं तिथे काय करणार म्हणालात त्यावर. पणजीतल्या म्हामाय कामतांच्या घरचे कागद बघा. व्यापाऱ्याचं घर, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली पत्रं आणि हिशोब, पोर्तुगीज, फ्रेंच, मराठी अशा कितीतरी भाषांत. पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात ते गेले आणि त्यावर अभ्यास उभे राहिले. हिशोबाच्याच वह्या त्या.

पठारावरचा

मोडीवेडा, बरोबर. पुराभिलेखागाराबद्दलही थोडं लिहितो, धागा पुढे कुणी शोधत येईल म्हणून.

पणजीच्या राज्य पुराभिलेखागाराचा इतिहास १५९५ पर्यंत मागे जातो. तेव्हा गोव्यात 'तोर्रे दो तोम्बो' हे दफ्तर स्थापन झालं आणि दियोगु दु कोउतु त्याचा पहिला रखवालदार. तिथली मोठी मालिका 'मोंसोंइश', म्हणजे मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांबरोबर लिस्बन आणि गोव्यात फिरलेलं टपाल. तिचे पहिले ६२ खंड अठराव्या शतकात लिस्बनला नेले, ते आजही तिथेच. शेजारच्या राजांना लिहिलेल्या पत्रांची मालिका वेगळी. पिसुर्लेकरांनी या सगळ्यात आयुष्य घालवलं आणि १९५५ मध्ये मार्गदर्शिका छापली, आजही ती हातात घेतल्याशिवाय आत पाऊल टाकू नये.

पण राज्यशास्त्राचा विद्यार्थी तिथे पहिल्याच दिवशी गोंधळतो. एक तर पोर्तुगीज येत नाही. मला सहा महिने लागले आणि अजूनही हस्ताक्षर बदललं की घाम फुटतो. दुसरं, राज्याचा कागद राज्याच्या डोळ्यांनी बघतो. सत्तरीतल्या राणे घराण्याच्या बंडाची फाईल उघडा, त्यात राणे कमी आणि त्यांना पकडायला निघालेले अंमलदार जास्त. विसाव्या शतकाचंही तेच. लिस्बनला पिदे या गुप्त पोलिसांचे कागद आहेत, त्यात गोव्यातल्या चळवळीवर पाळत ठेवल्याच्या नोंदी आहेत, पण त्या पाळत ठेवणाऱ्याच्या नोंदी. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गोव्याच्या प्रश्नावरच्या फायली आहेत, 'अभिलेख पटल'वर शोधता येतं, घरी बसून बरंच काम होतं. १९६१ नंतरचं एखाद्या खात्यातच अडकलं असेल तर माहिती अधिकाराचं कलम ८(३) लक्षात ठेवा: वीस वर्षांपूर्वीच्या घटनांना बरेचसे अपवाद लागू होत नाहीत. मी दोनदा वापरलं. एकदा कागद मिळाला, एकदा 'सापडत नाही' असं उत्तर मिळालं.

आणि पाटो-पणजीचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय, १८३२ पासूनचं. जुनी वर्तमानपत्रं चाळायची तर तिथेच. हेगडे देसायांचा 'भारत' वाचा, पोर्तुगीज राजवटीत राजकारणावर मराठीतून कसं लिहिलं जायचं ते कळतं.

एवढं सगळं असूनही, मतदाराच्या आणि पुढाऱ्याच्या मधला जो माणूस, त्याचा कागद कुठल्याच संस्थेत पुरेसा नाही. तो माळ्यावर असतो.

सुशेगाद

आणि चवथीला रद्दीत जातो.

राजांगण

थोडी अडचण आहे, ती स्पष्टच सांगते. काकांबरोबर पत्रं वाचायला बसले. (जुना कपाटवाला, तुमचं खरं ठरलं, आता ते मला ट्रंकेला हात लावू देत नाहीत.) एका पत्रात आमच्याच वाड्यावरच्या एका कुटुंबाबद्दल फार वाईट लिहिलंय. पैसे घेतले वगैरे. ते लोक आजही शेजारी आहेत, लग्नाकार्याला येणंजाणं आहे. कुळांच्या अर्जांतही नावं, जमिनी, कुणी कुणाला काढलं सगळं आहे. हे उद्या कुणीही वाचणार का? आणि पत्रं आमच्या ट्रंकेत आहेत म्हणजे ती आमचीच ना?

जुना कपाटवाला

कागद तुमचा, मजकूर तुमचा नाही. पत्र ज्याला आलं त्याच्या मालकीचा तो कागद होतो, म्हणून तुम्ही तो दान देऊ शकता. पण पत्रातल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडे राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांकडे. तेव्हा फोटो काढून फेसबुकवर टाकायचा मोह आवरा. संशोधकानं वाचणं, टिपणं घेणं वेगळं. अख्खं पत्र छापणं वेगळं.

वाईट मजकुराचं पत्र फाडू नका. आणि काढून घरी ठेवून बाकीचं देऊ नका, तेही एक प्रकारचं फाडणंच. दानपत्र करा, लेखी. त्यात अट घाला की अमुक पाकीट अमुक वर्षांपर्यंत मोहोरबंद राहील. जगभर अशाच अटींवर राजकारण्यांचे कागद ग्रंथालयांत येतात. दानपत्रात आणखी चार गोष्टी मागा: पोचपावती यादीसकट, कुटुंबाला केव्हाही पाहता येईल, संग्रह एकत्र राहील, फोडून वेगवेगळ्या विभागांत जाणार नाही, आणि त्यांना नकोसं वाटेल ते तुम्हाला परत, रद्दीत नाही. ही शेवटची अट लोक विसरतात.

कुठे द्यायचं? तिथे माणूस कोण आहे ते बघून ठरवा. इमारत आणि वातानुकूलन सगळे दाखवतात. तुम्ही विचारा, सूची कोण करणार आणि कधी. सूची नसलेला संग्रह म्हणजे दुसऱ्याच्या माळ्यावरची ट्रंक. एका ठिकाणी मी स्वतः पेटी सोडून आलो होतो, सहा वर्षांनी गेलो तर माझ्याच हातची गाठ तशीच होती.

विद्यापीठाचा एक फायदा मात्र धरा: विद्यार्थी. वर्गातली पोरं प्रकल्पासाठी रोज चकरा मारतात, मग कपाट उघडावंच लागतं.

शेवंती

जुना कपाटवाला, तुमच्या पोस्टींचीच आता एक ट्रंक करून ठेवायला हवी.

पठारावरचा

+१. राजांगणताई, मोहोरबंद पाकिटाला संशोधक म्हणून माझी अजिबात हरकत नाही. 'इथे एक पाकीट आहे, ते अमुक साली उघडेल' एवढी नोंद सूचीत असली की झालं. माझं नाही तर माझ्या नंतरच्याचं काम होईल.

राजांगण

अपडेट. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बोलले. त्यांनी आधी यादी मागितली, मग कुणीतरी येऊन बघून जाईल. दानपत्राचा मसुदा नवरा करतोय, जुना कपाटवाला काकांच्या चार अटींसकट. सूची कोण करणार हे विचारलं तेव्हा समोरच्या बाई थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, 'मी'. मला ते आवडलं. फोटो आम्ही घरीच काढले, गठ्ठ्याच्या क्रमानं, मागच्या बाजूंसकट. दोन रविवार गेले.

प्रगतिपुस्तक आणि पत्रिका घरीच राहणार, काकांनी निक्षून सांगितलं. दुधाचा हिशोब जाणार.

आणि पठारावरचा, तुमच्यासाठी. दुसऱ्या वहीत १९६७ चा जानेवारी आहे. पोलच्या आधी आठवड्याला दोन-दोन सभा, प्रत्येक सभेला वीस-पंचवीस नावं, कोण कुठल्या वाड्यावर जाणार त्याची वाटणी, रॉकेलचा खर्च. १४ तारखेला शेवटची नोंद. मग एक अख्खं पान कोरं. त्यानंतरची नोंद फेब्रुवारीची, आजोबांच्याच अक्षरात, जशीच्या तशी देते: 'हजर ४. विषय नाही. चर्चा झाली. सभा तहकूब.'

मार्चच्या पहिल्या नोंदीत हजर ३१.

पठारावरचा

ताई. फेब्रुवारीतल्या त्या चौघांची नावं आहेत का? 'विषय नाही' आणि 'चर्चा झाली', दोन्ही एकाच ओळीत? माझ्या प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण त्या ओळीत आहे.

राजांगण

सह्या आहेत. एक आजोबांची. दोन काकांनी ओळखल्या, त्यातले एक गृहस्थ पुढे दुसऱ्या पक्षात गेले म्हणतात. चौथी सही मोडीत आहे, काकांनाही लागत नाही.

मोडीवेडा

फोटो टाका. चारही कडा दिसू देत.